साप आणि पाल : भीती कुठे थांबते, भयगंड कुठे सुरू होतो

मृगाचा पाऊस स्थिरावला की कोकणात आणि सह्याद्रीच्या पायथ्याला भाताची लावणी सुरू होते. पहाटे शेतावर निघालेला शेतकरी बांधावरून काठी आपटत चालतो. तिन्हीसांजेला गोठ्यात जाताना बॅटरी हातात घेतो. सरपण उचलण्याआधी एकदा हलवून पाहतो, झोपण्याआधी अंथरूण झटकतो, चपलेत पाय घालण्याआधी ती उलटी करून आपटतो. हे सगळं तो सापाच्या आणि विंचवाच्या भीतीने करतो, आणि ती भीती रास्त आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसं सर्पदंशाने गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने मांडला. यातले जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांतले होते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप नेमके शेतात, बांधावर आणि घराच्या आसपास भेटतात.

आता त्याच गावातल्या एका बाईची कल्पना करा. तिला पालीची भीती वाटते. स्वयंपाकघरात शिरण्याआधी ती दारातूनच छताचे चारी कोपरे पाहून घेते. ट्यूबलाइटच्या मागे शेपटीचं टोक दिसलं तर गॅसवर दूध उतू गेलं तरी आत पाऊल टाकत नाही. माहेरचं घर कौलारू आहे आणि तिथे पाली फार आहेत, म्हणून चार वर्षांत ती माहेरी राहायला गेलेली नाही. अंगणवाडीच्या कामाचं निवासी प्रशिक्षण होतं. वसतिगृहाच्या खोलीत पाल असेल या विचाराने तिने नाव मागे घेतलं. आपल्या घरातली पाल बिनविषारी असते, डास आणि किडे खाऊन जगते, हे तिला ठाऊक आहे. आपल्या मुलाला ती स्वतःच हे समजावून सांगते.

साप माणूस मारू शकतो, पाल मारू शकत नाही. तरीही सापाला भिणारा शेतकरी रोज शेतावर जातो आणि पालीला भिणारी बाई माहेरी जात नाही. साधी भीती आणि भयगंड म्हणजेच फोबिया यांच्यातला फरक इथे आहे. भीती किती मोठी किंवा किती हास्यास्पद, यावरून तो ठरत नाही. तिने आयुष्यातून काय काय काढून घेतलं, यावरून ठरतो.

शरीर दोघांचंही तेच करतं

समोर नाग आला काय किंवा पाल आली काय, घाबरलेल्या माणसाचं शरीर पहिल्या क्षणी सारखंच वागतं. छातीत धडधडतं, तोंडाला कोरड पडते, तळव्यांना घाम फुटतो, पोटात गोळा येतो. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली या तयारीचं सविस्तर वर्णन केलं. संकटाशी लढायचं किंवा तिथून पळायचं, यासाठी लागणारी ही सज्जता आहे. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या ग्रंथींतून ॲड्रेनलीन स्रवतं, हृदय जोरात चालू लागतं, पचन मंदावून रक्त स्नायूंकडे वळतं आणि डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात.

या सज्जतेची पहिली सूचना देण्यात मेंदूच्या एका छोट्या भागाचा मोठा वाटा असतो. त्याचं नाव अमिग्डला, आकार बदामाएवढा. जोसेफ लेडू या मेंदूविज्ञानाच्या अभ्यासकाने उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की धोक्याची माहिती अमिग्डलेपर्यंत दोन वाटांनी पोचते. एक वाट जवळची, पण धूसर. दुसरी मेंदूच्या वरच्या थरांतून फिरून येणारी, सावकाश आणि नेमकी. अंधारात वाटेवर पडलेली दोरी पाहून आपण आधी मागे उडी मारतो आणि मग ती दोरी असल्याचं ओळखतो, ते याचमुळे. वेदान्तात शतकानुशतकं दिला जाणारा रज्जुसर्पाचा दाखला आजच्या मेंदूविज्ञानालाही असा जुळतो. लेडू यांनी पुढे स्वतःच बजावलं, की अमिग्डला म्हणजे भीतीचं घर नव्हे. ती धोक्याला शरीराचं उत्तर घडवते. ‘मला भीती वाटते आहे’ ही जाणीव तयार होण्यात मेंदूच्या इतर भागांचाही हात असतो.

अमेरिकेतल्या एका महिलेची केस या संदर्भात जगभर अभ्यासली गेली. संशोधनात तिला ‘एस. एम.’ एवढ्याच आद्याक्षरांनी ओळखतात. एका दुर्मीळ आजारात तिच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या अमिग्डला निकामी झाल्या. संशोधकांनी तिला प्राण्यांच्या दुकानात नेलं, तेव्हा तिने कुतूहलाने साप हातात घेतला आणि त्याच्या जिभेला बोट लावू पाहिलं. आयुष्यात तिच्यावर चाकू आणि पिस्तूल रोखण्याचे प्रसंगही आले होते, कारण कुठून लांब राहायचं हे सांगणारी सूचनाच तिला मिळत नव्हती. भीती नसणं म्हणजे शौर्य नव्हे, ते एक अपंगत्व आहे, हे तिच्या आयुष्याकडे पाहिलं की कळतं. म्हणून निर्भय होणं हे कुठल्याच उपचाराचं ध्येय नसतं.

शरीर दोन्हीकडे सारखंच वागतं, म्हणून धडधड किती झाली यावरून काहीच ठरत नाही. खरा नाग पाहून निरोगी माणसाची जेवढी धडधड होईल, तेवढी पालीचा फोटो पाहून फोबिया असलेल्या माणसाची होणारही नाही कदाचित.

ओळखायचं कसं

मानसोपचारतज्ज्ञ निदान करताना काही ठरावीक प्रश्न मनाशी धरतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली काढलेल्या निदानसंहितेच्या पाचव्या आवृत्तीत आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या, जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत शब्द वेगळे असले तरी गाभा एकच आहे. तो प्रश्नांच्या रूपात असा मांडता येईल.

पहिला प्रश्न : भीती धोक्याच्या मानाने किती आहे? इथे त्या माणसाचा परिसर आणि रीतभात लक्षात घ्यावी लागते. संपूर्ण गाव अमावास्येच्या रात्री स्मशानाच्या वाटेने जात नसेल, तर त्या गावातल्या एकट्या माणसाचं तिथून न जाणं हा भयगंड नव्हे. आपल्या अनेक पंचांगांत पाल अंगावर पडण्याची शुभाशुभ फळं दिलेली असतात. त्यामुळे पाल पडल्यावर अंघोळ करणारी आजी आजारी ठरत नाही. ती अंघोळ करते आणि पुन्हा कामाला लागते.

दुसरा प्रश्न : ती वस्तू किंवा तो प्रसंग समोर आला की जवळजवळ दर वेळी आणि लगेच भीती उसळते का? कधी वाटते, कधी वाटत नाही, अशी भीती सहसा फोबिया नसते.

तिसरा प्रश्न : माणूस ते टाळण्यासाठी आटापिटा करतो का? टाळणं शक्यच नसेल, तर तो प्रसंग कमालीच्या यातना सोसत पार पाडतो का?

चौथा प्रश्न : हे किती दिवस चाललं आहे? साधारण सहा महिने हा अंदाजे मापदंड धरतात. शेजारी कुत्रा चावल्याची घटना घडली आणि पंधरा दिवस मूल अंगणात जायला तयार नाही, एवढ्यावरून काही ठरवू नये.

पाचवा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यांत वजनदार : या भीतीमुळे शिक्षण, नोकरी, नाती किंवा प्रकृती यांतलं काही बुडतं आहे का? लिफ्टची भीती असलेला माणूस वाईतल्या एकमजली वाड्यात आयुष्यभर सुखाने राहू शकतो. त्याच माणसाला मुंबईत लोअर परळला बाविसाव्या मजल्यावर नोकरी लागली, की तीच भीती त्याचा पगार ठरवू लागते. बंद जागेच्या भीतीने एमआरआय टळतो आणि गाठीचं निदान लांबतं. सुईच्या भीतीने मधुमेही माणूस इन्शुलिन पुढे ढकलत राहतो आणि गरोदर बाई रक्ततपासणी चुकवते. इथे धोका पालीत किंवा सुईत नसतो, तो टाळण्यात असतो.

सहावा प्रश्न तज्ज्ञाने विचारायचा : हे दुसऱ्या कुठल्या आजाराचं रूप नाही ना? त्याकडे पुढे येऊ.

जुन्या संहितेत आणखी एक अट होती : प्रौढ माणसाला आपली भीती अवाजवी असल्याचं स्वतःला कळलं पाहिजे. २०१३ साली ती काढून टाकली गेली. पुष्कळ माणसांना आपली भीती रास्तच वाटते, आणि वय झालेली माणसं ‘आता होत नाही’ म्हणून तिच्यावर पांघरूण घालतात. त्यामुळे प्रमाण किती, हे ठरवण्याचं काम आता तपासणाऱ्याकडे आहे.

या प्रश्नांतला एकही प्रश्न ‘कशाची भीती?’ असा नाही, याकडे लक्ष द्या. सापाचाही फोबिया होतो. शाळेच्या पुस्तकातलं सापाचं चित्र असलेलं पान मूल स्टेपल करून टाकतं, किंवा माणूस पायपाने पाणी घालायला बागेत जाणं सोडतो, तेव्हा खऱ्या धोक्याशी त्या भीतीचं नातं तुटलेलं असतं. उलट बांधकामावर विसाव्या मजल्यावर पट्टा बांधून काम करणाऱ्या मजुराला उंचीची भीती असते आणि असायलाच हवी. तीच त्याला पट्टा बांधायला लावते.

मुलांची भीती वयाप्रमाणे बदलते

आठ-दहा महिन्यांचं बाळ अनोळखी माणसाने उचललं की भोकाड पसरतं. ते त्याच्या वाढीचं लक्षण आहे, कारण ओळखीचे आणि परके चेहरे त्याला वेगळे करता येऊ लागले आहेत. दोन-चार वर्षांच्या मुलांना अंधार, मोठे आवाज आणि प्राणी घाबरवतात. शाळेत जाऊ लागल्यावर भुतं, वीज आणि चोर येतात. पुढे परीक्षा, चारचौघांतली फजिती आणि आईबाबांचा मृत्यू यांची काळजी लागते. बहुतेक भीती वयाबरोबर गळून पडतात.

मूल ‘मला भीती वाटते’ असं सांगत नाही. ते रडतं, आकांत करतं, थिजून उभं राहतं किंवा आईला घट्ट चिकटतं. याला हट्ट समजून मार दिला जातो, हे फार दुःखद आहे. सहा महिने उलटूनही भीती ओसरत नसेल, शाळा किंवा खेळ सुटत असेल, तर दाखवायला हवं. बावीस देशांतल्या मोठ्या सर्वेक्षणात विशिष्ट गोष्टीचा फोबिया आयुष्यात कधीतरी झालेली माणसं शंभरात सुमारे सात निघाली. बायकांत हे प्रमाण पुरुषांच्या जवळपास दुप्पट होतं. आणि सुरुवातीचं मध्यक वय होतं फक्त आठ वर्षं. प्रौढपणी दिसणारा फोबिया अनेकदा तिसरी-चौथीतला असतो.

ती येते कुठून

१९२० साली अमेरिकेत जॉन वॉटसन आणि रोझली रेनर यांनी ‘अल्बर्ट’ या नावाने ओळखल्या गेलेल्या अकरा महिन्यांच्या बाळावर प्रयोग केला. बाळ पांढऱ्या उंदराशी निवांत खेळत असे. त्याने उंदराला हात लावला की मागे लोखंडी कांबीवर हातोडा मारायचा, असं काही वेळा केल्यावर बाळ नुसत्या उंदराला पाहूनही रडू लागलं. पुढे ससा, कुत्रा आणि केसाळ कोट पाहूनही ते घाबरलं. त्याची भीती घालवण्याचे प्रयत्न झाले नाहीत. आज असा प्रयोग करायला कुठलीही नैतिक समिती परवानगी देणार नाही. पण भीती शिकवता येते आणि ती एका गोष्टीवरून दुसरीवर पसरते, हे त्यातून पुढे आलं.

मात्र फोबिया असलेल्या अनेकांना असा कुठलाही प्रसंग आठवत नाही. मग ते भीती शिकतात कशी? सुझन मिनेका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात माकडांवर केलेल्या प्रयोगांत याचं उत्तर मिळालं. प्रयोगशाळेत वाढलेल्या माकडांना सापाची भीती नव्हती. जंगलात वाढलेलं माकड सापाला पाहून घाबरताना त्यांनी पाहिलं आणि तेवढ्यावर तीही घाबरू लागली. नंतर चित्रफितीत सापाच्या जागी फूल जोडून दाखवलं. माकड फुलाला घाबरतं आहे असं दिसत होतं, तरी बघणारी माकडं फुलाला घाबरायला शिकली नाहीत. म्हणजे दुसऱ्याला पाहून भीती शिकता येते, पण काही गोष्टींची पटकन आणि काहींची महत्प्रयासाने.

मार्टिन सेलिगमन यांनी १९७१ साली हाच विचार मांडला होता : साप, उंची, अंधार, बंद जागा अशा, आपल्या पूर्वजांचा जीव घेऊ शकणाऱ्या गोष्टींची भीती शिकायला आपला मेंदू जणू आधीच तयार असतो. भारतात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली. तरीही मोटरसायकलीचा फोबिया घेऊन येणारं माणूस क्वचितच भेटतं. पालीला पाहून आईने मारलेली किंकाळी मात्र मूल पहिल्याच वेळी शिकतं.

ती जात का नाही

घाबरवणारी गोष्ट रोज दिसते आणि काहीच होत नाही. मग भीती आपोआप ओसरायला हवी. तसं का होत नाही, याचं उत्तर टाळण्यात आहे. ओरव्हल माउरर यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला ते सूत्ररूपाने मांडलं. पाल दिसली, बाई बाहेर पळाली, आणि क्षणात हायसं वाटलं. ते हायसं वाटणं हेच बक्षीस ठरतं. पळाले म्हणून वाचले, एवढाच धडा मेंदू घेतो. न पळताही वाचले असते, हे कळण्याची संधीच त्याला मिळत नाही. टाळणं म्हणजे सावकाराकडून घेतलेली उचल आहे : गरज लगेच भागते आणि मुद्दल मात्र वाढत जातं. आधी स्वयंपाकघराचा कोपरा सुटतो, मग स्वयंपाकघर, मग माहेर.

टाळणं नेहमी उघड दिसत नाही. हातात सतत झाडू बाळगणं, खोलीत आधी नवऱ्याला पाठवणं, रात्रभर दिवा चालू ठेवणं, लिफ्टमध्ये कुणाचा तरी हात धरल्याशिवाय न जाणं, हेही टाळणंच. माणूस आत गेलेला दिसतो, पण ‘झाडू होता म्हणून निभावलं’ असंच त्याच्या मनाला वाटत राहतं.

रक्त आणि सुई : एक वेगळी जात

बाकीच्या फोबियांत माणसाला ‘चक्कर येऊन पडेन’ असं वाटतं, पण सहसा तो पडत नाही, कारण रक्तदाब वाढलेला असतो. रक्त, जखम आणि सुई यांच्या फोबियात मात्र माणूस खरंच पडतो. नाडी आणि रक्तदाब आधी थोडे चढतात आणि मग एकदम उतरतात. मेंदूला रक्त कमी पडतं आणि शुद्ध हरपते. हा फोबिया एकाच घरात अनेकांना असल्याचं बऱ्याचदा आढळतं. अशा माणसाला ‘अंग सैल सोडा, दीर्घ श्वास घ्या’ हा नेहमीचा सल्ला उलटा पडू शकतो.

स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी १९८० च्या दशकात यावर सोपा उपाय विकसित केला. हात, पाय आणि पोट यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळून धरायचे, चेहरा गरम झाल्यासारखा वाटला की ताण सोडायचा, वीस-तीस सेकंद थांबायचं आणि असं पाच वेळा करायचं. रक्तदाब टिकून राहतो. ज्या हातातून रक्त काढायचं आहे तो तेवढा सैल ठेवावा, खुर्चीऐवजी पडून सुई घ्यावी आणि परिचारिकेला आधी सांगून ठेवावं. सरावाने लसीकरण आणि रक्ततपासणी दोन्ही जमू लागतात.

सारखं दिसतं, पण वेगळं असतं

लोकलमध्ये चढायला घाबरणारा प्रत्येक माणूस गाडीला घाबरत नसतो. अध्येमध्ये कुठल्याही कारणाविना अचानक छाती धडधडून जीव जातोय असं वाटण्याचे झटके येत असतील आणि ‘गर्दीत असा झटका आला तर बाहेर कसं पडू?’ ही काळजी मुळाशी असेल, तर तो पॅनिकचा किंवा ॲगोराफोबियाचा आजार असतो. चारचौघांत बोलताना लोक आपल्याला हसतील याची भीती, हा सामाजिक भयगंड. घाण लागेल म्हणून दिवसभर हात धुणारा माणूस मंत्रचळाने त्रस्त असतो. अपघातानंतर गाडीत बसू न शकणारा, तोच अपघात स्वप्नात पुन्हा पुन्हा पाहणारा माणूस आघातोत्तर तणावाचा रुग्ण असतो. प्रत्येकाचा उपचार वेगळा. आणि छातीत दुखणं किंवा धडधड पहिल्यांदाच होत असेल, तर आधी हृदय आणि थायरॉईड तपासून घ्यावं. सगळं मनाचंच, असं घरबसल्या ठरवू नये.

उपाय जुना आहे आणि चालतो

१९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या, तीन वर्षांच्या आतल्या मुलाची सशाची भीती घालवली. मूल आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा खोलीच्या दूरच्या टोकाला ठेवायचा आणि दिवसागणिक थोडा जवळ आणायचा. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला. १९५८ साली जोसेफ वोल्पी यांनी या विचाराला शिस्तबद्ध पद्धतीचं रूप दिलं. ओस्ट यांनी १९८९ मध्ये दाखवलं, की विशिष्ट फोबियासाठी नीट तयारी केलेली, तीन तासांपर्यंतची एकच बैठकही पुष्कळांना पुरते. आज या पद्धती वर्तनोपचारात रोज वापरल्या जातात.

पालीला भिणाऱ्या बाईचा उपचार प्रत्यक्षात कसा चालतो, ते पाहू. पहिल्या भेटीत उपचारतज्ज्ञ तिच्याबरोबर एक शिडी बनवतात. कागदावर लिहिलेला ‘पाल’ हा शब्द पाहणं, मग रेघांचं चित्र, फोटो, मोबाइलवर हलणारी पाल, रबरी पाल हातात घेणं, बंद काचेच्या बरणीतली पाल, आणि शेवटी स्वयंपाकघराच्या भिंतीवरची पाल. प्रत्येक पायरीला ती भीतीचे शंभरपैकी गुण देते : शब्दाला वीस, फोटोला पंचेचाळीस, भिंतीवरच्या पालीला शंभर. प्रत्येक पायरी तिच्या संमतीने चढायची. फसवून काहीही समोर आणायचं नाही.

काही पायऱ्यांनंतर ती स्वयंपाकघराच्या दारात उभी असते, हातात झाडू नसतो. तज्ज्ञ विचारतात, ‘‘काय होईल असं वाटतं तुम्हाला?’’ ती म्हणते, ‘‘माझ्या अंगावर उडी मारेल आणि मी शुद्ध हरपून पडेन.’’ हे वाक्य तारखेसह वहीत लिहिलं जातं. मग दोघं तिथेच उभी राहतात. पाल ट्यूबलाइटजवळ चिकटून आहे. तिचा गळा धपापतो. एक पाकोळी येते, पाल दोन बोटं पुढे सरकते, तिला टिपते आणि पुन्हा स्थिर होते. बाईचे हात थरथरतात, ओठ सुकतात, पण ती पाय मागे घेत नाही. वीस मिनिटांनी तज्ज्ञ वही उघडून विचारतात, ‘‘यातलं काय झालं?’’ ती वाक्य वाचते आणि म्हणते, ‘‘काहीच नाही झालं.’’ त्या दिवशी भीती पूर्ण गेलेली नसते. शंभरावरून साठावर येते. पण न पळताही वाचता येतं, हा धडा मेंदूने पहिल्यांदा स्वतःच्या अनुभवातून घेतलेला असतो.

इथे एक गोष्ट ठाऊक असणं महत्त्वाचं आहे. हा नवा धडा जुना धडा पुसून टाकत नाही, तो त्याच्याशेजारी लिहिला जातो. रशियन शरीरशास्त्रज्ञ पॅव्हलॉव्ह यांच्या कुत्र्यांवरच्या प्रयोगांतही ओसरलेली प्रतिक्रिया काही काळाने पुन्हा उगवत असे. म्हणून सराव एकाच खोलीत थांबवत नाहीत. वेगळं घर, वेगळी वेळ, एकटी असताना, माहेरच्या कौलांखाली, असा तो वाढवावा लागतो. मध्येच भीतीने पुन्हा डोकं वर काढलं, तर उपचार फसला असं समजू नये. पुन्हा एक पायरी खाली येऊन सुरुवात करावी. विशिष्ट फोबियात औषधांना दुय्यम जागा आहे. शांत करणाऱ्या गोळ्या तेवढ्यापुरत्या भीती दाबतात, पण ‘गोळीमुळे निभावलं’ हाच धडा मागे राहतो. त्या डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेऊ नयेत.

घरच्यांसाठी

‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ असं म्हणून चिडवणं सगळ्यांत सोपं आणि सगळ्यांत घातक. रबरी पाल अंगावर टाकून ‘भीती मोडणं’ याला उपचार म्हणत नाहीत. त्याने भीती वाढते आणि घरच्यांवरचा विश्वासही जातो. उपचारातला सामना ठरवून, हळूहळू आणि माणसाच्या स्वतःच्या इच्छेने होतो. धक्क्यात यातलं काहीच नसतं. दुसऱ्या टोकाला, मायेपोटी तिची सगळी कामं स्वतः करून टाकणं हेही टाळण्याला मदत करणंच आहे. काय करावं? तिची भीती खरी आहे हे मान्य करावं, तज्ज्ञांनी ठरवलेल्या पायरीवर तिच्याबरोबर उभं राहावं, आणि चढलेल्या प्रत्येक पायरीचं मोकळेपणाने कौतुक करावं. आणि लहान मुलं आसपास असतील तर आपली स्वतःची किंकाळी आवरायचा प्रयत्न करावा, कारण ती मुलं तेव्हा शिकत असतात.

मदत आता पूर्वीइतकी लांब राहिलेली नाही. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, आणि तिथल्या बाह्यरुग्ण विभागात भरती न होता दाखवता येतं. जिल्हा रुग्णालयांतही जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली तपासणी होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेवर १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं. खासगी मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा मानसशास्त्रज्ञाकडे जाणार असाल, तर एवढं जरूर विचारा : भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरं जाण्याचा उपचार तुम्ही करता का?

सापाची भीती जपा, काठी आपटत चाला, बॅटरी घेतल्याशिवाय गोठ्यात जाऊ नका. पण सहा महिन्यांहून जास्त काळ एखादी भीती तुम्ही कुठे जायचं, काय शिकायचं आणि कोणते उपचार घ्यायचे हे ठरवत असेल, तर ती लपवून सोसू नका. मनाच्या आजारांत फोबियाइतक्या थोड्या दिवसांत आणि इतक्या खात्रीने बरे होणारे आजार कमी आहेत. याच आठवड्यात तपासणीची तारीख घ्या.